भातात उभा चमचा

रविवार, ९ ऑगस्ट १९८७, सायंकाळी साडेसहा. ओसाकातील त्सुरुहाशी या कोरियन बाजाराच्या मागच्या गल्लीत, माझा धाकटा भाऊ दूहान याच्या किमचीच्या, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याच्या, दुकानामागील खोलीत आईच्या श्राद्धाचे ताट मांडले होते. पदार्थ अकरा. मी नागोयाहून दर वर्षी या दिवशी येत असे आणि आल्याबरोबर दुकानातील वजनकाटा तपासून देत असे. तंत्रशाळेतून बाहेर पडल्यापासून काटे जुळवणे हाच माझा व्यवसाय. त्या दिवशी काटा अचूक होता. गंमत म्हणून दूहान त्यावर उभा राहिला. चौसष्ट किलो.

"दादा, तुझा काटा खोटं बोलतो. मी नुसता हाडांचा सापळा आहे."

"हाडांना एवढं पोट कुठून आलं रे?"

आई आत यावी म्हणून मागचे दार सताड उघडले. धूप लावला, मद्य ओतले, जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केले. मग दूहानने रिवाजाप्रमाणे भाताच्या ढिगात चमचा खोवला. तो अर्ध्यावरच अडला. खाली काहीतरी टणक लागले. चमचा तसाच तिरपा ठेवून, आईला निवांत जेवता यावे म्हणून, आम्ही पुढे दुकानात येऊन बसलो.

गल्लीतून रबरी सपाता घासत आल्या. डावा पाय ओढत. आई तशी चालत असे. आवाज मागच्या दारापर्यंत आला आणि थांबला. दारावरचा वेताचा पडदा आत फुगला, पुन्हा बाहेर गेला. वारा पडलेला होता.

काही वेळाने ताट आवरून आम्ही तेच अन्न जेवायला बसलो. मृत जेवून गेले की अन्नाला चव राहत नाही, असे आम्हा कोरियन लोकांत मानतात. माझा त्यावर विश्वास नव्हता, तरी दर वर्षी ताटातले सार फिके लागे. त्या सायंकाळी ते खारट, पुरेपूर चवीचे होते. दूहानने तीन वाडगे भात संपवून चौथा मागितला.

"पोटच भरत नाहीये गं," तो बायकोला म्हणाला.

स्वयंपाकघरात त्याची बायको मालसून आईपुढचा भात उकरत होती. तळातून तिने पीचची कोय काढली. आमच्या श्राद्धाच्या ताटात पीच कधीच नसतो. तो असेल तिथे मृत उंबरा ओलांडत नाहीत.

"मालसून, काय केलंस हे?"

"सात वर्षं सासूबाईंनी मला अर्धी वाटी भात मोजून दिला, भाऊजी. पोटुशी होते तेव्हासुद्धा. म्हटलं, आज दारात उभं राहून नुसता वास घ्या."

"अगं, पण दूहान..."

"ते शेजारीच जेवत असायचे. मान कधी वर केली नाही त्यांनी."

तिने कोय गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. दार अजून उघडेच होते. ताट मात्र आवरून झाले होते.

सपाता आत आल्या.

माझ्या पाठीमागून गेल्या, दूहानच्या मागे थांबल्या. तो खाली मान घालून जेवत होता.

नोव्हेंबरात मी पुन्हा गेलो. डॉक्टरांना रोग सापडला नव्हता. दूहान सकाळपासून दिवे लागेपर्यंत खात असे, तरी वाळत चालला होता.

"पुन्हा ताट मांड, मालसून. नीट मांड. तो मरेल."

"वेगळं ताट कशाला?" तिने त्याचा वाडगा काठोकाठ भरला. "सासूबाई जेवतायत की. आणि मी भरपूर वाढते, भाऊजी. माझ्या हातून कुणी उपाशी राहत नाही."

दूहानने माझी बाही धरली. "दादा, हिला सांग ना ताट मांडायला."

मालसून परातीत कोबीला मीठ चोळू लागली.

मी प्रमाणित वजने लावून काटा तपासला. अचूक होता. दूहानला धरून त्यावर उभे केले. अडतीस. ऑगस्टात चौसष्ट होता.

त्याला खाली उतरवले. दोन्ही पाय जमिनीवर आले. काट्यावर रबरी सपाता घासल्या.

काटा मागे फिरला. शून्यावर आला नाही. थोडा थरथरला आणि स्थिर झाला.

सव्वीस.