यार्देनचा झगा

पवित्र भूमीच्या सहलीत आपल्या मंडळीने सर्वांत जास्त भक्तिभावाने रांग लावली ती स्वच्छतागृहापुढे, असं जयराम साळव्यांचं प्रामाणिक मत झालं होतं. हयात ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून गेलेली. प्रभूवर विश्वास होताच, पण मोजपट्टी लावून.

प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीत मात्र त्यांनी पांढरा झगा घालून निमूट बुडी मारली. ती आईसाठी. चिमणाबाई कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं मागणं एकच होतं, "यार्देनात भिजलेला झगा आण. मला त्यातच माती द्या."

नदीवर झगे विकत मिळत आणि भाड्यानेही. टूरच्या पैशात सगळं आलं, असं समजून जयरामरावांनी भाड्याचाच झगा ओल्या अंगाने पिशवीत कोंबला. तो परत करायचा होता, ही भानगड कळली ती शरणपूरला, घरी आल्यावर.

"शी! किती जणांनी घातला असेल हो!" त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या.

"तेवढे बाप्तिस्मे जास्त."

गच्चीवर एप्रिलचं ऊन तापलं होतं. शेजारणीच्या कुरडया दुपारपर्यंत कडकडीत वाळल्या. झगा संध्याकाळीही निथळतच होता.

"वाळला का रं?" आतून चिमणाबाई रोज विचारायच्या.

वाळत नव्हता. पिळला की हिरवट पाणी यायचं, चिकट, भेंडी चिरल्यासारखी बोटांना तार सुटायची. फुलदाणीतल्या कुजक्या पाण्यात मासळी धुवावी तसा वास. डेटॉल झालं, उकळतं पाणी झालं. मग कॉलरच्या शिवणीतून लांब केस निघू लागले. काळे, पिंगट, पांढरे. आशाबाई मोरीत जाऊन ओकल्या.

"कापड जाड आहे," जयरामराव म्हणाले. कापड जाड नव्हतं.

एका सकाळी त्यांनी झगा उलटा करायला आत हात घातला.

बाहेरून तो गार होता. आतून मात्र काखेसारखा ऊबदार, घामट.

घंटागाडी कोपऱ्यावर आली होती. त्यांनी झगा काठीने उचलून तिच्यात टाकला, वर केर लोटला आणि हात खरवडून धुतले.

"आईंना काय सांगणार?"

"वाळवून पेटीत ठेवला म्हणून. वेळ येईल तेव्हा नवा पांढरा शिवू. तिला काय कळतंय?"

ते आत गेले. चिमणाबाई डोळे मिटून समाधानाने पडल्या होत्या.

"आई, झगा वाळला. पेटीत ठेवलाय."

"खोटं कशापायी बोलतो, जया? लय गार हाय. पण बसला बघ अंगाला."

आशाबाईंनी चादर दूर केली. अंगावर कालचंच लुगडं होतं. जयरामरावांनी तपासनिसाच्या बोटांनी काठ चाचपला. कोरडा.

त्यांनी सुस्कारा सोडला आणि चादर पायांवर सारखी करायला वाकले.

आईचे तळवे पांढरेफटक पडले होते. फार वेळ पाण्यात उभं राहिल्यावर सुरकुततात तसे.

त्यांनी पाऊल हातात धरलं.

"हळू रं," डोळे न उघडता चिमणाबाई म्हणाल्या, "खाली शेवाळ हाय."