पुढच्याची चाकोरी

टायरमध्ये हवा कमी असली की सायकल चांगली चालते, हे मला पटायला चार महिने लागले. माझी सगळी नोकरी दाब मोजण्यात गेलेली. मस्कतजवळच्या एका पाणी प्रकल्पात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, आणि पाइपातला दाब जरा घसरला की आधी माझा फोन वाजतो. अशा माणसाला इक्बालभाईंनी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं, "दया, हवा सोड. अजून सोड. अंगठ्याने दाबलास तर पिकल्या पपईसारखा दबला पाहिजे टायर. तुझ्या गेजला आज सुट्टी दे."

इक्बालभाई मूळचे बाणकोटचे. मस्कतच्या माबेला भागात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना दोन फॅटबाइक त्यांच्या गळ्यात मारल्या, आणि विकायच्या ऐवजी एकीवर ते स्वतः बसायला लागले. दुसरीवर मला बसवलं. टायर चार इंच रुंद. आम्ही हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी पहाटेची दवाने घट्ट झालेली वाळू गाठायचो. त्यांचे नियम ठरलेले होते. नजर लांब ठेवायची, पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. ब्रेक करकचून दाबायचा नाही. पॅडल जात्यासारखं एका लयीत फिरवायचं. पुढच्याने चाकोरी पाडायची, मागच्याने तिच्यातूनच चालायचं, म्हणजे मागच्याचे श्रम निम्मे होतात. आणि धुकं असलं तर पुढच्याने मधूनमधून एकदा घंटी वाजवायची, मागच्याने दोनदा वाजवून उत्तर द्यायचं. पुढे अर्थात तेच असायचे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सायकल बंद केली नाही, पण अमरीनभाभींनी मला दाराबाहेर गाठून सांगितलं, "दयानंदभाऊ, ह्यांना अडवणं माझ्या हातात नाही. तुम्ही नजरेआड होऊ देऊ नका, बस्स." मी शब्द दिला. शब्द देताना मला तो फार सोपा वाटला होता.

२०१७ सालच्या जानेवारीत जबल शम्स या ओमानच्या सर्वांत उंच डोंगरावर गारा आणि बर्फ पडल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागले. इक्बालभाईंनी गुरुवारी दुपारीच शटर ओढलं. "बाणकोटच्या माणसाने बर्फात सायकल चालवायची म्हणजे गंमत आहे की नाही? चल, यल्ला!"

रात्री आम्ही वरच्या कॅम्पवर मुक्काम केला आणि सकाळी पावणेसातला दार उघडलं. सगळं पठार पांढरं होतं. कोकणातल्या माणसाने असं काही पाहिलेलं नसतं, आणि पाहिल्यावर काय बोलायचं हेही त्याला ठाऊक नसतं. आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून तसेच उभे राहिलो. पांढऱ्यावर कशाचीही खूण नव्हती, बकरीच्या पावलाचीसुद्धा नाही. कॅम्पचा स्वयंपाकी रमण म्हणाला, "आज आपके सिवा कोई नहीं है साब. रास्ता भी बंद है नीचे."

मी गणित केलं होतं. उंचीवर टायर फुगतो, थंडीत आकसतो. दोन्ही धरून टायरचा दाब पाच पीएसआय ठरवला. इक्बालभाईंनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हसले. कपड्यांचे तीन थर घातले. हातपंप माझ्या पाठपिशवीत टाकला. पाण्याच्या बाटल्या उलट्या लावल्या, कारण पाणी वरून गोठतं आणि उलट्या बाटलीचं तोंड मोकळं राहतं. मोठी दरी तिथून तीन किलोमीटरवर होती. तिच्या अर्धा किलोमीटर अलीकडून परत फिरायचं ठरलं.

पहिला किलोमीटर म्हणजे निव्वळ सुख होतं. चाकांखाली बर्फ साखरेसारखा करकरत होता, इक्बालभाईंची पाठ पुढे डोलत होती. मग डावीकडून ढग आला. धुकं म्हणायला तो फार जाड होता. माझ्या हँडलच्या पुढे चार हात दिसेनात. त्यातच माझं मागचं चाक घसरलं, म्हणून मी थांबून अजून थोडी हवा सोडली. पुरतं एक मिनिटही गेलं नसेल. निघालो तेव्हा इक्बालभाई दिसत नव्हते, पण त्यांची चाकोरी समोर होती आणि पुढून घंटी आली. एकदा.

मी दोनदा वाजवली. मागून कुठूनतरी तशाच दोन घंट्या परतल्या. कातळावरून आवाज उलटतो, त्यात नवल काही नव्हतं.

मला त्यांची काळजी लागली होती, म्हणून मी जोर लावला. आणि नवशिका करतो तीच चूक केली. नजर लांब ठेवायला लांब काही दिसतच नव्हतं, तेव्हा मी मान खाली घालून चाकाखालची चाकोरी बघत निघालो. ती फार सुंदर होती. कडा स्वच्छ, मधल्या नक्षीचा एकेक ठोकळा उमटलेला. चढ लागला. एवढ्या कमी हवेवर चढ चढताना हँडल डुलतंच, चाकोरी नागमोडी होतेच. ही ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती. छपन्न वर्षांचा, हृदयात स्टेंट बसवलेला माणूस असा चढतो! मला त्यांचा अभिमान वाटला.

पुन्हा घंटी आली, एकदा. मी दोनदा वाजवली. मागून दोन घंट्या आल्या, या वेळी जरा जवळून.

पुढे वळण होतं. वळणावर सायकलचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या खुणेवरून जात नाही, जरा आतून जातं. म्हणून वळणावर नेहमी दोन खुणा दिसतात. तिथे एकच होती. मी ते पाहिलं, आणि माझ्या मनाने लगेच उत्तर दिलं की बर्फात तसं होत असेल. बर्फावर सायकल चालवायची ती माझी पहिलीच सकाळ होती.

मग थंडी वाढली, आणि वारा थांबला. पॅडलला काही जोरच लागेना. चढ असूनही सायकल आपोआप चालल्यासारखी चालत होती. मला आठवतं, मी हसत होतो. कशाचीही भीती नव्हती. लहानपणी कुणीतरी मोठं माणूस बोट धरून देवळात नेतं, तसं वाटत होतं.

"दया! अरे किती पळशील! दम लागला मला."

आवाज मागून आला.

मी ब्रेक दाबला, करकचून. सायकल आडवी झाली आणि मी गुडघ्यांवर पडलो. ढगातून इक्बालभाई आले. चेहरा लाल, मिशीवर दव.

"तुम्ही मागे कसे?" मी विचारलं.

"मी मागे एका वाकड्या झाडाशी बाजूला थांबलो होतो. चेन उतरलेली. बसवून आलो तर तू पुढे गेलेला. मग तुझी चाकोरी धरून आलो. तू घंटी वाजवत होतास ना? प्रत्येक वेळी दोनदा वाजवली मी."

"मी पण दोनदाच वाजवत होतो, इक्बालभाई."

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. चाकोरी माझ्या आडव्या सायकलच्या पुढे तशीच सरळ गेली होती.

तेवढ्यात ढग वर उचलला गेला. घाईने नाही, सावकाश, कुणी चादर उचलावी तसा.

माझ्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर जमीन संपत होती. खाली हजार मीटर दरी. चाकोरी काठापर्यंत गेली होती. ब्रेकची खूण नाही, घसरल्याची नाही, वळल्याची नाही. काठावरच्या शेवटच्या बोटभर बर्फातही ठोकळ्यांची नक्षी नीट उमटली होती.

पलीकडचा काठही पांढरा होता. त्यावर एक रेघ होती. या चाकोरीच्या अगदी सरळ रेषेत.

दरी तिथे किलोमीटरहून रुंद आहे. एवढ्या लांबून चार इंचांची रेघ माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणजे ती चार इंचांची नव्हती.

आणि ती लांब होत होती.

तिच्या टोकाशी काहीही नव्हतं. फक्त पांढरं दबत जात होतं, एका लयीत, चढावर, सरळ. मी पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं मोठं आणि इतकं शांत काही पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले. ते भीतीने नव्हे, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे.

"एकदाही पाय टेकलेला नाही बघ," इक्बालभाई हळूच म्हणाले. "सुभानअल्ला. काय चालवतोय."

पलीकडून घंटी आली. एकदा.

त्यांचा अंगठा सवयीने हलला. दोनदा.

रेघ थांबली.

इक्बालभाईंनी सायकल उभी केली, काठाकडे तोंड करून, आणि टांग टाकली. तेव्हा मला भाभी आठवल्या. मी धावत गेलो आणि त्यांच्या पुढच्या चाकाशी बसून वाल्वची पिन नखाने दाबून धरली. हवा सुस्कारत गेली. मी मागच्या चाकाचीही सोडली. त्यांनी मला अडवलं नाही. रिम जमिनीला टेकेपर्यंत ते सीटवर तसेच बसून राहिले, पलीकडे बघत.

"घरी चला," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा इतका समाधानी मी कधी पाहिला नव्हता, दुकानात नाही, ईदलाही नाही. "दया, तो थांबलाय रे आपल्यासाठी. असं थांबवून ठेवणं बरं नाही."

मी पलीकडे पाहिलं. रेघ थांबलेली होती.

ढग पुन्हा खाली आला.

तो दुसऱ्यांदा वर गेला तेव्हा पलीकडे दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी. एक सरळ. दुसरी सुरुवातीला जरा डुलत गेलेली, मग तीही सरळ. वर जिथे पठार संपून नुसतं आभाळ सुरू होतं, तिथपर्यंत दोन्ही गेल्या होत्या.

दुपारी ऊन पडलं आणि बर्फ वितळला. दरीत तीन दिवस शोध चालला. माणूस सापडला नाही, सायकलही सापडली नाही.

माबेलाला मी भाभींसमोर बसलो. त्या रडल्या नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. मी त्यांना अडवलं, असं सांगितलं. दोन्ही टायरमधली सगळी हवा सोडली, हेही सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्याकडून होईल तेवढं केलंत, दयानंदभाऊ."

ती हवा पुन्हा कुणी भरली, हे त्यांनी विचारलं नाही.