आतून ओढलेली दोरी

जुन्या गाडीची पुढची काच बसवणं हे दोन माणसांचं काम आहे, हे आधी सांगतो. नव्या गाड्यांच्या काचा मसाला लावून चिकटवतात, तिथं एकट्याचं भागतं. जुन्या गाडीची काच रबरात बसते. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेतून बारीक दोरी फिरवायची, दोरीची टोकं गाडीच्या आत सोडायची आणि काच बाहेरून चौकटीला टेकवायची. मग एकानं बाहेरून तळहातानं दाबत राहायचं आणि दुसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर उलटत जाते. परभणीत तीस वर्षं मी बाहेरून दाबलं आणि माझ्या जोडीदारानं, बन्सीधरनं आतून ओढलं. मागच्या दिवाळीत बन्सीधर गेला. तेव्हापासून दुकानात मी एकटाच असतो. दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नाही.

वैशाखात राणीसावरगावहून दिनकरराव नावाच्या निवृत्त गुरुजींचा फोन आला. त्यांच्या अॅम्बेसेडरची पुढची काच सात वर्षांपूर्वी फुटली होती, ती आता बसवायची होती. गाडी बंद पडलेली, म्हणून मलाच तिकडं जावं लागणार होतं. चालत नसलेल्या गाडीला काच कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, मुलगी पुण्याला कायमचं बोलावतेय, जायच्या आधी गाडी नीट बंद करून जायची आहे. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. भंगारवाल्याकडं एक चांगली काच मिळाली. ती गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवली आणि गंगाखेडमार्गे निघालो.

गुरुजी गावात राहत नव्हते. गावापासून दोन किलोमीटरवर शेतात त्यांचा आखाडा होता, म्हणजे राहायच्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड. मी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. आजूबाजूला नांगरून टाकलेली काळी रानं आणि त्यांच्यावर थरथरणारं ऊन. कुठं माणूस दिसत नव्हतं. टेम्पोचं इंजिन बंद केलं तेव्हा इतकी शांतता झाली, की तापलेल्या पत्र्याचं कडकडणं ऐकू येऊ लागलं.

गुरुजी सत्तरीच्या पुढचे, उंच, वाळलेले. बोलताना ते सारखे मागं वळून बघायचे.

गाडी शेडमध्ये उभी होती. सात वर्षं पुढून उघडी, त्यामुळं आत कबुतरांची घाण असणार असं मी धरून चाललो होतो. मागच्या सीटवर ती होतीही. पुढचं सीट बाकासारखं सलग होतं. त्याच्या उजव्या अर्ध्यावर बोटभर धूळ साचलेली. डावा अर्धा मात्र साफ. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा. मी डोकं आत घातलं, तर डोकेदुखीवर लावतात त्या बामचा वास आला. ताजा वास. वाऱ्यावर उघड्या पडलेल्या गाडीत.

मी रबर धुवायला घेतलं आणि गुरुजी उकिडवे बसून सांगू लागले. त्यांच्या पत्नीच्या, कासाबाईंच्या छातीत एका दुपारी कळ आली, बाम चोळूनही थांबेना. गुरुजींनी त्यांना डाव्या बाजूला बसवून दवाखान्यासाठी गाडी काढली. गंगाखेडच्या अलीकडं पुढच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला आणि अख्खी काच पांढरी झाली. पलीकडचं काही दिसेना. गुरुजींनी गाडी थांबवली, हाताला टॉवेल गुंडाळून काच फोडली, मग कासाबाईंच्या अंगावरचे तुकडे वेचत बसले. कासाबाई एकच म्हणत होत्या, थांबू नका, चला. गुरुजींना वाटत होतं, तिला काच लागेल. तुकडे वेचून मान वर केली, तेव्हा त्या बोलायच्या थांबल्या होत्या.

"तवापासून या गाडीत मी बसलो न्हाई," ते म्हणाले. "इथवर दुसऱ्यानं ओढून आणली."

मी रबर काचेवर चढवलं, खाचेत दोरी फिरवली, कडांना साबणाचं पाणी लावलं. मग आत कुणीतरी बसावं लागेल असं सांगितलं. गुरुजींनी नकाराची मान हलवली. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर करणारा बजरंग गंगाखेडला गेला होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. तुम्ही सुरू करा, मी पाणी घेऊन येतो, असं म्हणून ते घराकडं गेले.

मी दोरीची टोकं आत सोडली, काच चौकटीच्या खालच्या कडेवर उभी केली आणि पोटानं टेकवून धरली. थोडं दाबायचं, आत जाऊन थोडं ओढायचं, पुन्हा बाहेर यायचं, असा विचार होता. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात दोरी ताणली गेली. रबर 'टप्' करून पत्र्यावर उलटलं.

मला वाटलं, गुरुजींना दया आली, ते आत येऊन बसले. काचेवर साबण होता, त्यात शेडबाहेरचं पांढरं ऊन पडलेलं, त्यामुळं मला माझाच चेहरा दिसत होता. पलीकडं काहीतरी गडद होतं, बसल्यासारखं. मी दाबत राहिलो. दोरी एका चालीनं निघत होती. टप्... टप्... टप्. कुठं घाई नाही, झटका नाही. बन्सीधर गेल्यावर पहिल्यांदाच काम असं सरळ चाललं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. मी बोलूही लागलो. म्हटलं, असंच, आता डावीकडून घ्या. दोरी डावीकडून निघू लागली.

वरची कड अर्धी झाली तेव्हा मी घाम पुसायला मान वळवली. गुरुजी घराच्या उंबऱ्यात उभे होते. हातात पाण्याचा तांब्या.

माझे हात काचेवरच होते. काचेखाली दोरी चालूच होती.

"गुरुजी... आत कोण हाय?"

ते जवळ आले नाहीत. तिथूनच हळू म्हणाले, "हात काढू नका, मिस्तरी. काम पुरं होऊ द्या... तिला वाटायलंय, आपण निघायलोय."

हात काढले असते तर काच माझ्या अंगावर आली असती. मी डोळे मिटून दाबत राहिलो. शेवटचा 'टप्' झाला. मग आत सीटची स्प्रिंग वाजली. एखादं माणूस सावरून बसतं तशी.

मी बाजूच्या खिडकीतून पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं. दोरी डाव्या अर्ध्यावर पडली होती, वेणीच्या रिबिनीसारखी नीट गुंडाळून ठेवलेली.

आता गुरुजी आले. डाव्या खिडकीशी वाकले आणि आत बघून मऊ आवाजात म्हणाले, "झालं बघ. किल्ली घेऊन येतो. बस."

मग त्यांनी ती खिडकी वर चढवली. फिरून एकेक दार बंद केलं, कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशातच होती. शेवटच्या दाराशी ती त्यांनी माझ्यापुढं धरली आणि ते कुलूप मी लावलं. का लावलं, ते आजही सांगता येत नाही.

मी टेम्पोत सामान भरत असताना ते जवळ येऊन उभे राहिले. सात वर्षं ती मागं येते, म्हणाले. विहिरीवर, गावात, देवळात. दोनदा पुण्याला निघालो आणि गंगाखेडच्या स्टेशनवरून परत आलो, कारण ती फलाटावर शेजारी उभी होती. काही करत नाही. नुसती म्हणते, चला. गाडी पुढून उघडी होती म्हणून ती बाहेर यायची.

"चाळीस वर्षांचा संसार हाय, मिस्तरी. मला काय बरं वाटायलंय का?" ते म्हणाले. "पण किती दिवस मागं बघत चालू मी?"

तेव्हा शेडमधून आवाज आला. टक्... टक्... काचेवर बांगडी आपटावी तसा. कुणाला तरी घाई करावी तसा. आम्ही दोघांनीही ऐकला. गुरुजींनी वळून पाहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच ते वळले नाहीत. मी टेम्पो चालू केला, आणि इंजिनच्या आवाजाखाली ते 'टक् टक्' बुडालं याचा मला आनंद झाला. त्या आनंदाची लाज घेऊन मी परभणीला आलो.

चौथ्या दिवशी गुरुजी एकटेच रेल्वेनं पुण्याला गेल्याचं बजरंगकडून कळलं. त्यानंतर आठवड्यानं सकाळी बजरंगचा पुन्हा फोन आला. काच निघाली होती. फुटली नव्हती. रबरासकट अख्खी बॉनेटवर पडली होती.

"चारी दारांना कुलूप हाय," तो म्हणाला. "किल्ली तर गुरुजींकडं, पुण्याला. कशी निघती ओ अशी काच?"

मी त्याला सांगितलं नाही. अशी काच अख्खी काढायची आमच्या धंद्यात एक रीत आहे. सीटवर उताणं पडायचं, दोन्ही तळपाय काचेला लावायचे आणि बाहेर रेटायचं.

मी लगेच गुरुजींचा नंबर लावला. फोन त्यांच्या मुलीनं, अर्पितानं उचलला. मी काच बसवणारा मिस्तरी, असं सांगितलं. गुरुजींना द्या म्हटलं. ती म्हणाली, बाबा आता फोनवर बोलणार नाहीत. तिचा आवाज दमलेला होता.

"काका, एक विचारू का? बाबांबरोबर गावाकडून कुणी आलं होतं का?"

मी म्हटलं, नाही. का?

"आमचा वॉचमन म्हणतोय, काल संध्याकाळपासून एक बाई खाली गेटपाशी बसून आहेत. वर चला म्हटलं तर येत नाहीत. त्यांनाच खाली पाठवा म्हणतात, उशीर होतोय..." ती थांबली. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "मी दोनदा जाऊन आले. मला कुणी दिसलं नाही. आणि बाबा पहाटेपासून चपला घालून दारात उभे आहेत."