जड शटर

तिने दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा शटर गुडघ्यापर्यंत वर आलं आणि तिथेच रुसून बसलं. वरून बारीक पाऊस, चपलांत पाणी, आणि समोरच्या दुकानातल्या सगळ्या आरशांत वाकलेली, केस विस्कटलेली तीच ती. गोल आरशात, चौकोनी आरशात, नक्षीच्या चौकटीत... आपली फजिती एकाच वेळी इतक्या ठिकाणी बघायची पाळी कुणावर आली नसेल.

"थांबा. एकटीचं काम नाही ते."

तिने वळून पाहिलं. आरशांच्या दुकानाचा मालक रस्ता ओलांडून आला होता. उंच, किडकिडीत, चष्म्यावर पावसाचे थेंब, बाहीला लाकडाचा भुसा. त्याने शटरची डावी बाजू धरली.

"तुम्ही उजवी धरा. तीन म्हटलं की उचलायचं. एक... दोन..."

तिने दोनलाच उचललं. शटर तिरकं झालं आणि पार अडकलं.

"दोननंतर तीन येतं," तो शांतपणे म्हणाला. "घाई कसली?"

"पाऊस पडतोय ना!"

"शटर उघडल्यावर थांबणार आहे का तो?"

तिला हसू आलं. हसता हसताच पुन्हा जोर लावला, आणि मोठा खडखडाट करत शटर वर गेलं. तो "हुश्श" म्हणाला, रुमालाने हात पुसले, आणि आणखी काहीतरी बोलावंसं वाटून — न बोलताच — परत गेला.

दुकान तिच्या मावशीचं. बटणं, दोऱ्याची रिळं, लेस, सुया आणि शिलाई मशीनला लागतं ते सगळं. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून भाची दुकान सांभाळायला आली होती. सांभाळायला होतं काय म्हणा! तो भाग नावालाच बाजार उरला होता. एके काळी तिथे खांद्याला खांदा लागायचा म्हणे. आता दर दोन दुकानांमागे एकाला कुलूप, आणि दुपारी रस्त्यावरून मांजर गेली तरी दुकानदार आशेने मान वर करत. तरी त्या ओस पडलेल्या रस्त्यात एक गोडवा होता. कोण कुणाच्या दुकानात शिंकलं, तेसुद्धा चार घरं सोडून कळायचं.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. तिसऱ्या दिवशीही. मग ती रीतच पडली. सकाळी ती कुलूप काढायची, तो समोरून यायचा, दोघं वाकायची, आणि शटर वर जाईपर्यंत काय ते बोलणं. तेवढंच. एरवी तो भिडस्त माणूस; काही खरेदीच्या निमित्ताने यावं, तर त्याच्या शर्टाची बटणंही कधी तुटायची नाहीत.

"तुमच्या दुकानात माझी किती तोंडं दिसतात," ती एकदा वाकल्या वाकल्या म्हणाली. "लाजच वाटते."

"असं? मी काही सगळी बघत नाही."

"मग?"

"एखादंच बघतो." आणि कान लाल करून घाईने, "एक... दोन..."

त्या दिवशी तीन कुणी म्हटलंच नाही.

आता तेलाचं सांगायला हवं. त्याचा तो रोजचा "हुश्श" ऐकून तिला वाईट वाटू लागलं. काच कापणारे हात ते, नाजूक काम, उगाच एखादी शीर धरायची. म्हणून एका दुपारी तिने दुकानातलीच मशीनच्या तेलाची कुपी घेतली, स्टुलावर चढली आणि शटरच्या दोन्ही खाचांत थेंब थेंब तेल सोडलं. तो तेव्हा रस्त्याकडे पाठ करून काच कापत होता. ती खात्री तिने आधी करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढून तिने सहज हात लावला, तर शटर एका हाताने कमरेपर्यंत आलं! लोण्यासारखं. तिला आनंद झाला... आणि तेवढ्यात समोर नजर गेली. तो बाह्या सरसावत येत होता.

तिने शटर हळूच, आवाज न करता, खाली सोडलं.

"आज पण जडच आहे का?" त्याने विचारलं.

"जडच आहे हो," ती म्हणाली.

दोघांनी जोर लावला. तिने दात-ओठ खाल्ले. त्याने "हुश्श" केलं. शटर बिचारं उगाच बदनाम झालं.

त्यानंतर ती दर दोन-चार दिवसांनी दुपारी, त्याची पाठ बघून, तेल घालत राहिली. त्याच्या हातांना त्रास होऊ नये, पण त्याचं येणं मात्र थांबू नये. प्रेमात पडलेल्या माणसाचा हिशोब हा असा असतो. मावशी घरी पडल्या पडल्या दुकानाची चौकशी करायची. "अलीकडे तेलाच्या कुप्या बऱ्या संपतात गं," ती एकदा म्हणाली. "लोक पुन्हा घरी शिवायला लागले वाटतं."

"हो ना," भाची म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

अशात बाजाराचं नशीब उघडलं. व्यापारी संघाचे सेक्रेटरी, स्वतः कापडवाले, आवाज असा की कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं, त्यांनी सगळ्यांना जमवलं. बाजाराला पुन्हा जीव येणार होता. रस्त्यात गाड्यांना बंदी, मधोमध झाडं आणि बाकं, सगळ्या पाट्या एका रंगात, नवे दिवे. बंद दुकानांसाठी नवे भाडेकरूही ठरले होते. लोकांचे चेहरे उजळले. तिचाही उजळला होता, पण...

"आणि मुख्य म्हणजे शटर!" सेक्रेटरी गरजले. "सगळीकडे एकसारखी, मोटरवर चालणारी. बटण दाबलं की वर!"

"आमचं जुनं ठीक आहे," ती पटकन म्हणाली.

"ठीक? अहो, रोज सकाळी हे आरसेवाले तुमच्यासाठी घाम गाळतात, सगळा रस्ता बघतो! तुमचं शटर या बाजारातलं सगळ्यात जड. काही संकोच करू नका. पहिलं तुमचंच बदलू!"

टाळ्यासुद्धा वाजल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं. आता तरी बोल. मला काही त्रास होत नाही, म्हण. एवढंच म्हण! तो खाली मान घालून नखांतला भुसा काढत होता.

आपण केलेल्या नाटकाने आपलाच घात केला होता. शटर जड नसतं, तर पहिला नंबर कशाला लागला असता? आणि शटर गेलं की तो सकाळी रस्ता ओलांडून येणार तरी कशाला? त्याला काहीच वाटत नसेल का? सुटलो एकदाचा, असंच वाटलं असेल. कुणाला हवी असते रोजची हमाली?

त्या आठवड्यात शटर उचलताना दोघांचं बोलणंच आटलं. एक, दोन, तीन, हुश्श. शेवटच्या सकाळी तिने शटर वर गेल्यावरही हात काढला नाही.

"उद्यापासून तुमची सुटका," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. रुमालाने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले, आणि गेला.

दुपारी शटरवाला कारागीर शिडी घेऊन आला. मावशी काठी टेकत, बऱ्याच दिवसांनी दुकानात येऊन खुर्चीत बसली होती. कारागिराने शटर खाली ओढलं, वर सोडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. मग एका बोटाने ढकललं. ते सुळकन वर गेलं.

"बाई, हेच का ते जड शटर?"

ती बाहेर बघते तर तो आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा. कारागिराचा आवाज काही लहान नव्हता.

"काय झक्कास ठेवलंय!" कारागीर खाचेत बोट फिरवत म्हणाला. "तेल बघा कसं ताजं आहे. लहान मूल उघडेल हे. काढायचं कशाला?"

"तरीच!" मावशी काठी आपटून म्हणाली. "तरीच माझ्या तेलाच्या कुप्या संपत होत्या!"

आरसेवाला रस्ता ओलांडून येत होता. जमीन दुभंगली तर बरं, असं तिला झालं.

"मी... मला सांगायचं होतं," ती पुटपुटली. "म्हणजे सुरुवातीला खरंच जड होतं. मग मी..."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तू स्टुलावर चढून तेल घालायचीस ते."

"छे! मी आधी बघायची. तुमची पाठ असायची माझ्याकडे."

"पाठ होती," तो म्हणाला. "पण माझ्या समोर भिंतभर आरसे होते."

ती बघतच राहिली. इतके महिने त्या आरशांत स्वतःला बघून लाजली, आणि नेमक्या वेळी तेच विसरली! मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. तो आत्ता तिला 'तू' म्हणाला होता.

"मग... मग तो रोजचा हुश्श कशाला?"

"तू एकटीनेच नाटक करायचं, ते बरं दिसलं असतं का?"

मावशी पदरात तोंड लपवून खुदखुदत होती. पण भाचीचे डोळे भरून आले. "मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात? नखं कोरत बसलात!"

"काय बोलणार? शटर हलकं आहे म्हटलं असतं, तर तुझी चोरी भरसभेत उघडी पडली असती." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि तुला एकटीला गाठून बोलायचं ठरवलं, तर... मला दोननंतरचं कधी म्हणताच येत नाही."

"आता म्हणा."

"आत्ता? मावशींसमोर?"

"मी बहिरी आहे," मावशी म्हणाली. "चालू द्या तुमचं."

तो बोलला. काय बोलला ते कारागिरालाही ऐकू आलं नाही, इतकं हळू. पण ती ऐकता ऐकता हसली आणि मान डोलावली, आणि समोरच्या सगळ्या आरशांत, गोल, चौकोनी, नक्षीच्या चौकटीतल्या, ती एकदमच हसली.

"मग बाई," कारागीर शिडीवरून म्हणाला, "ठेवू की काढू?"

"काढा," ती म्हणाली. "त्याचं काम झालं."

आता त्या रस्त्यावरची झाडं चांगली मोठी झाली आहेत. संध्याकाळी बाकांवर बसायला जागा मिळत नाही. कुलपं गेली, गिऱ्हाइकं आली, आणि शेजारचा शिंकला तरी आता कुणाला ऐकू येत नाही. बाजार जगला, हे चांगलंच झालं. तरी जुन्या माणसांना कधी कधी सकाळचा तो खडखडाट आठवतो. आता सगळी शटरं गुपचूप वर जातात.

बटणांच्या दुकानाशी मात्र रोज सकाळी जरा वेळ लागतो. समोरून तो येतो, आता केस पांढरे झालेला. ती भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवते, तो तिच्या बोटावर आपलं बोट ठेवतो.

"जड आहे का गं आज?"

"जडच आहे."

"एक... दोन..."

ती दोनलाच दाबते.

"अगं, दोननंतर तीन येतं. घाई कसली?"

शटर वर जातं, आणि तो रुमालाने हात पुसत म्हणतो, "हुश्श!"