कोऱ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती

प्रकाशकांच्या मासिक पत्रकाचं नाव होतं 'नवी पुस्तकं, नव्या बातम्या'. पुस्तकं वर्षाला चार निघायची आणि बातम्या त्याहून कमी, त्यामुळे उरलेली जागा प्रकाशक स्वतःच्या मनोगताने भरत. वर्गणी भरून पुस्तकं घेणारे सभासद ते आवडीने वाचतात अशी त्यांची ठाम समजूत होती. बायकोच्या मते सभासद पाकीट फोडल्यावर आधी तेच बाजूला काढत असावेत.

कार्यालय दोन खोल्यांचं. पुढे टेबल, मागे न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. गठ्ठे पुढच्या खोलीत सरकू लागले तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, की आता हे शेवटचं पुस्तक. चाललं तर ठीक, नाही तर कुलूप. ती शाळेत गणित शिकवायची. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे प्रकाशकांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. त्यांनी मान डोलावली खरी, पण त्यानंतर त्यांना घास गोड लागेना. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं.

ते शेवटचं पुस्तक म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या आठवणी. पुस्तकाची जाडी आणि कणा बघायला बाइंडर आधी कोऱ्या कागदांची एक नमुना प्रत बांधून देतो, तिला धंद्यात डमी म्हणतात. या वेळी त्याने घोळ घातला. छापलेले कागद कोपऱ्यात राहिले आणि त्याने अख्खी आवृत्ती डमीसारखी कोऱ्या कागदांचीच बांधली. वर मुखपृष्ठ मात्र झकास चढवलं. गठ्ठे न तपासताच प्रती सभासदांकडे, समीक्षकांकडे रवाना झाल्या. प्रकाशकांनी मागे उरलेली प्रत उघडली तेव्हा पहिलं पान कोरं, शेवटचं कोरं, मधलीही सगळी कोरी.

ते पत्रकासाठी दिलगिरी लिहायला बसले. 'वाचकांच्या कल्पनाशक्तीवर विश्वास ठेवून' एवढं लिहून त्यांनी खोडलं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे समीक्षक होता. या माणसाने आजवर त्यांच्या एकाही पुस्तकाबद्दल बरा शब्द काढला नव्हता. तो म्हणाला, एका बैठकीत संपवलं, शेवटी रडू आवरेना. चेष्टा असावी असं प्रकाशकांना वाटलं. पण समीक्षकाला चेष्टा जमतच नसे.

फोन ठेवताना तो अडखळला. "जेवताय ना वेळेवर?"

मग रीघच लागली. ग्रंथपाल बाईंनी आणखी प्रती मागवल्या. मोजणीवाले लेखक स्वतः येऊन सांगून गेले, की यातलं एक अक्षरही माझं नाही, पण झालंय फार छान, तेव्हा नाव राहू द्या. जाताना त्यांनी प्रकाशकांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात.

चुकीचा जाब विचारायला प्रकाशक छापखान्यात गेले. छापखानेवाला एरवी खेकसल्याशिवाय बोलत नसे. त्याने स्वतःची खुर्ची दिली आणि पंखा प्रकाशकांकडे वळवला. चूक कसली, आम्ही सगळ्यांनी वाचलंय, असं म्हणाला. मागे बाइंडर डोळे पुसत होता.

"आहे काय त्यात?" प्रकाशकांनी न राहवून विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही चहा घ्या," छापखानेवाला म्हणाला.

प्रकाशकांनी चष्मा बदलला, पानं उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. कोरी ती कोरीच. सगळ्यांना वाचता येतं आणि आपलं पुस्तक आपल्यालाच येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण दुसरी आवृत्ती निघत होती, कुलूप टळलं होतं. त्यांनी दिलगिरी फाडली आणि नव्या पत्रकात ऐटीत लिहिलं: दुसरा भाग लवकरच.

दुपारी बायको शाळेतून थेट कार्यालयात आली. तिच्यापासून काही लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. सगळं सांगून त्यांनी प्रत पुढे केली.

तिने पानं चाळली. "कोरं कुठंय?"

आणि तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसून ती वाचू लागली. त्यांचं कुठलंही पुस्तक तिने दहा पानांपलीकडे वाचलं नव्हतं. आता ती हसत होती, एकदा तर तोंडावर हात धरून. प्रकाशकांना हायसं वाटलं.

मग हसणं थांबलं.

शेवटची पानं तिने फार सावकाश उलटली.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे. तुम्हीच आहात त्यात, तुमचं मनोगतही आहे. तेसुद्धा छान आहे."

ती उठली. खुर्ची ओढून त्यांना अगदी खेटून बसली, तीही कार्यालयात, दार उघडं असताना. पत्रकाचा कागद पुढे घेतला आणि 'दुसरा भाग लवकरच' यावर हलक्या हाताने रेघ मारली.

"का गं?"

तिने परगावी असलेल्या मुलीला फोन लावला.

"आजच निघ," ती म्हणाली. "हो, बरे आहेत. माझ्याजवळच बसलेत."

पलीकडचा आवाज प्रकाशकांनाही स्वच्छ ऐकू आला.

"आई, मी सकाळीच निघालेय. माझी प्रत काल आली."