अँड्र्यूजबाईंच्या मांडीवरचा गुच्छ

सत्यजीत पहिल्यांदा आला तो चुकूनच. झेरॉक्सवाल्याचं शटर खाली होतं, म्हणून पनवेलला उरण नाक्याजवळच्या काशीरामकाकांच्या बॅनरच्या दुकानात तो शिरला आणि पेनड्राइव्ह देऊन चहा प्यायला गेला. काकांची पुतणी भाविका संगणकावर बसायची. हळदीचे, वाढदिवसाचे बॅनर करून तिचा हात असा बसला होता, की चेहरा दिसला की गोरा करायचा, सुरकुत्या पुसायच्या. तो परत आला तोवर पेनड्राइव्हमधल्या चित्रातला म्हातारा डच चित्रकार रेम्ब्रांट पंचविशीतला झाला होता.

"अहो... त्या सुरकुत्यांसाठीच तर लोक हे चित्र बघतात," तो हसत म्हणाला.

भाविका लाजून चूर झाली. तो मात्र चिडला नाही. खारघरच्या एका कॉलेजात तो चित्रकला शिकवायचा आणि तिथे युरोपातल्या जुन्या चित्रांच्या प्रिंट्सचं प्रदर्शन भरणार होतं. महिनाभर तो एकेक चित्र घेऊन येत राहिला. सगळी एकदम आणता आली असती, हे त्याच्या चौथ्या खेपेलाच तिच्या लक्षात आलं... पण ती गप्प राहिली.

"आधी उजेड कुठून येतोय ते बघा," तो स्टूल ओढून सांगायचा. ती उजेड बघायची, आणि मग उजेड दाखवणारं बोट.

आज शेवटचं चित्र होतं, गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचं. झाडाखाली अँड्र्यूज नवरा-बायको, बाजूला त्यांची लांबवर पसरलेली शेतं. बाईंच्या मांडीवर मात्र नुसता कोरा डाग. फाइल बिघडली असणार, असं समजून भाविकाने तिथे लग्नाच्या बॅनरमधला गुलाबांचा गुच्छ बसवला आणि प्रिंट काढली. मग चारच्या सुमाराला तिने चित्राखालच्या पाटीचा मजकूर उघडला. 'मांडीवरची ही जागा चित्रकाराने कोरीच सोडली. का, ते कुणालाच ठाऊक नाही.'

ती धावतच काकांकडे गेली.

"काका, एक प्रिंट परत काढू द्या ना."

"हलदीचा बॅनर चाललाय. संध्याकाळी मांडवाला लावायचाय. आता मशीन थांबनार नाय गो."

उद्या सकाळी दहाला उद्घाटन होतं. पण तिला खरी भीती वेगळीच होती. आजनंतर त्याला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं, आणि आता तो रागावून जाणार होता. घड्याळाकडे बघून बघून तिची मान दुखायला लागली.

पाचला तो आला. प्रिंट उलगडली, आणि त्याची नजर गुच्छावर थांबली.

"मीच केलंय," ती म्हणाली. "रागवा हवं तर. पण—"

"पण?"

"हे शेवटचं चित्र आहे ना... मला तुमची वाट बघायची सवय लागलीये."

त्याने प्रिंट जपून गुंडाळली.

"पावणेतीनशे वर्षं तिथे काय ठेवायचं ते कुणाला सुचलं नाही. ही मी माझ्या घरी लावतो. सकाळी आठला मशीन मोकळी असेल? दुसरी न्यायला येईन. तुम्हीही चला, प्रदर्शन बघायला."

"आणि परवा?"

तो आता तिच्याइतकाच घाबरलेला दिसला. "परवासाठी माझ्याकडे चित्र नाही, भाविका. तसाच आलो तर... चालेल?"

"या तसेच," ती म्हणाली. "रिकामं काही दिसलं की मला राहवत नाही. माहीत आहे ना तुम्हाला?"