घड्याळजीचे हातमोजे

चूक झाली ती पेन्सिलीची. निदान तिने स्वतःची समजूत तरी तशीच घातली.

मामाच्या दुकानात ती चामड्याचे हातमोजे शिवायची. माप घ्यायचं म्हणजे गिऱ्हाईकाचा पंजा कागदावर ठेवायचा आणि भोवती पेन्सिल फिरवायची. सहा वर्षांत हजारभर पंजे झाले असतील, हात आपोआप चालायचा. त्या दिवशीही चालला... आणि गिऱ्हाईकाचं बोट संपलं तरी पेन्सिल पुढे गेली, नेहमीच्या बोटाएवढी.

ती थबकली. पंजा रुंद, नीटस. फक्त बोटं आखूड, प्रत्येकात एक पेर कमी असल्यासारखी. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ करा, मी... सवयीनं..."

"असू द्या हो," तो हसला. "इतकी लांब बोटं आजवर मला कुणी दिली नव्हती. तयार हातमोज्यांची टोकं रिकामी लोंबतात, स्कूटरचा ब्रेक सापडत नाही. म्हणून आलो."

तो पलीकडच्या गल्लीतला नवा घड्याळजी. हातमोजे तयार झाले तशी ती स्वतःच ते पोचवायला निघाली.

"आपल्याकडे घरपोच कधीपासून?" मामाने चष्म्यावरून बघत विचारलं.

"आजपासून."

तो डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवत होता. त्या आखूड बोटांत चिमटा असा धरलेला, की हलायचं नाव नाही. दिवसभर सुईशी झटापट करणारीला कसबी हात लगेच कळतो. ती दारातच उभी राहिली. घड्याळ टिकटिकलं, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"काय बघताय?"

"तुमचे हात," ती म्हणाली. "मला सात जन्मांत जमायचं नाही असं."

तो चक्क लाजला. एवढा मोठा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला तो फार आवडला.

मग काय, तिची घड्याळं भराभर बिघडू लागली. एकदा तर मामाचं भिंतीवरचं घड्याळच काखोटीला मारून आणलं.

"हे उत्तम चाललंय की."

"हो... पण जरा उदास वाटतंय."

तो हसला, पण भिंग काढून बाजूला ठेवलं आणि गंभीर झाला. "एक सांगायचंय. हे बोटांचं आईकडून आलंय, तिला तिच्या वडिलांकडून. माझ्या मुलांनाही येऊ शकतं, निम्मी शक्यता म्हणतात डॉक्टर. एकदा ठरलेलं लग्न यावरूनच मोडलं. तेव्हा तुम्ही यायचं थांबवलंत तर मी समजेन. फक्त... थांबणार असाल तर आत्ताच थांबा. पुढे मला झेपायचं नाही."

बोटांचं काही नव्हतं हो, पण हा शहाणा तिला सरळ दार दाखवत होता. आणि मग तिला रागच आला.

"त्यात काय एवढं?" ती फणकारली. "लोक म्हणतील, पोर अगदी बापावर गेलीय. मी तर कडेवर घेऊन मिरवेन."

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. चेहरा तापला. पळून जावं म्हटलं, तर पाय जागचे हलेनात.

"कुणाची पोर?" त्याने अगदी हळू विचारलं.

तिने टेबलावरचा त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझी," ती म्हणाली. "आणि माझी."